परी रॅस

लॅब्रिडी कुलातील सिऱ्हिलॅब्रस प्रजातीचे लहान, रंगीत सागरी मासे. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळभित्तींजवळ ते थव्याने राहतात आणि पाण्यात तरंगणारे प्लवक टिपून खातात. प्रजातीत ६० हून अधिक जाती असून मालदीवमधील सिऱ्हिलॅब्रस फिनिफेनमा ही जात २०२२ मध्ये नोंदली गेली. प्रवाळांना इजा करत नसल्याने घरगुती प्रवाळ-मत्स्यालयात त्यांना मोठी पसंती आहे.

हे मासे आधी मादी असतात. पुढे काहींचे नरात रूपांतर होते. नर प्रतिस्पर्ध्यासमोर पर फुलवून क्षणात रंग उजळवतो. त्या वेळचे त्याचे तेज खरोखर अपूर्व असते. एकत्र पाळताना मात्र हीच ईर्ष्या त्रासदायक ठरते. एकाच जातीचे दोन नर सहसा टिकत नाहीत. निरनिराळ्या जातींचे नर प्रशस्त टाकीत नांदू शकतात. मवाळ जाती आधी आणि सोलोरेन्सिससारख्या दांडग्या जाती शेवटी सोडाव्यात. नवागताला काही दिवस टाकीतच छिद्रे असलेल्या पारदर्शक पेटीत ठेवल्यास जुन्या माशांचा राग बराच निवळतो. सहा पट्ट्यांचा रॅस आकाराने लहान असला तरी भांडखोर असतो. त्याला या मेळ्यात घेऊ नये.

घाबरल्यावर हे मासे पाण्याबाहेर उडी घेतात. टाकीवर बारीक जाळीचे झाकण नसणे हे त्यांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे. पाण्याचे तापमान सुमारे २५° से. ठेवून दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खाद्य द्यावे. रात्री ते खडकांच्या कपारीत स्वतःभोवती श्लेष्माचा कोश विणून झोपतात.