हुबेहूब गाड्यांची जत्रा

इंग्लंडमध्ये ऑनसाइट होतो तेव्हा मे महिन्यातला पहिला लाँग वीकेंड मी ठरवून मोकळा ठेवायचो. कॉव्हेंट्रीजवळच्या स्टोनली पार्कमध्ये घरी जोडलेल्या गाड्यांची जत्रा भरायची. जुन्या स्पोर्ट्स कारच्या हुबेहूब प्रतिकृती रांगेत उभ्या, बॉनेट उघडी. मालक शेजारी घडीच्या खुर्चीवर, हातात थर्मासमधला चहा. 'हा सायलेन्सर कुठून आणला?' एवढं विचारलं की अर्धा तास गेलाच समजा.

या हौसेचं मूळ बरंचसं करात आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं 'सेव्हन' ही दोन सीटची हलकी गाडी आणली. सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं ११७२ सीसीचं साधं इंजिन होतं. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोटस सेव्हन सुट्या भागांत विकायची आणि गिऱ्हाईक ती घरी जोडायचं. १९७३ साली खरेदी कर जाऊन व्हॅट आला, ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण तोवर गाडी घरच्या गॅरेजात जोडता येते, हे लोकांना कळलं होतं. पुढे सेव्हनच्या नकला देशोदेशी निघाल्या.

त्यातली एक आपल्याकडची. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीनं फायबरग्लासच्या बॉडीची 'रोडस्टर' बनवली. रूप सेव्हनचं, इंजिन मात्र काँटेसात असायचं ते १.८ लिटरचं इसुझू.

सुट्टीत नगरला आलो तेव्हा मामाला स्टोनलीचे फोटो दाखवले. मामा एमआयडीसीत लेथ चालवतो. त्यानं चॅसीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, वेल्डिंगचे जोड बघितले आणि म्हणाला, "अरे, यात काय आहे? पाइपच तर आहेत. आपण बनवू."

"बनवू मामा, पण पासिंग?"

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो की उत्पादकानं गाडीचा नमुना आधी मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा. त्या यादीत पहिलं नाव व्हीआरडीईचं, म्हणजे आमच्या नगरच्या वाहननगरमधल्या डीआरडीओच्या संस्थेचं. दुसरं पुण्याच्या एआरएआयचं. नियम चूक नाही. ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नकोच. पण तो हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी लिहिलाय. आयुष्यात एकच गाडी बनवणाऱ्या मामासाठी त्यात वेगळी वाट नाही. ब्रिटनमध्ये ती आहे. तिथंही ब्रेक, दिवे, धूर सगळं कसून तपासतात, पण एकेका गाडीचं. स्टोनलीत माणसं आपापली गाडी चालवत यायची ती त्यामुळेच.

लेथ, वेल्डर, गाड्या तपासायचा ट्रॅक, सगळं नगरमध्ये काही किलोमीटरच्या आत आहे. वाहननगरच्या ट्रॅकवर वर्षातला एक दिवस अशा एकुलत्या एक गाड्यांसाठी ठेवला तर? तपासणी होईल आणि जत्राही भरेल. नापास झालेला माणूस शेजारच्याला विचारेल, 'तुझा ब्रेक कसा बसवलास?' आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

मामानं ते फोटो व्हॉट्सअॅपवर मागून घेतले. परवा त्याचा मेसेज आला: 'पाइप किती इंची आहे, नीट विचारून सांग.'