पट, नाटक आणि यजमान गाव

शंकरपट म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भरणारी बैलजोड्यांची शर्यत. चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतले देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा हे तालुके धानाचे. बांध्यांमधले धान कापून, मळून घरात आले की पटाचे दिवस सुरू होतात. गावाबाहेर दोन समांतर धावपट्ट्या आखल्या जातात, दोन जोड्या एकदम सुटतात आणि निकाल काही सेकंदांत लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध पटात मात्र एकेक जोडी वेळ लावून पळवतात.

शर्यत सेकंदांची असली तरी तिची तयारी सगळ्या गावाला कामाला लावते. पट भरवायचा म्हणजे वर्गणी, जागा, बाहेरगावच्या जोड्यांचा चारा-पाणी, दुकानांच्या रांगा आणि भांडणतंटा, सगळे गावानेच सांभाळायचे. त्या दोन-तीन दिवसांपुरती पटाची समिती हीच गावाची सत्ता असते. पाहुणचार मात्र समितीचा नव्हे, घराघराचा. सासरी गेलेल्या लेकी, जावई, मामे-आतेभाऊ पटाच्या निमित्ताने येतात आणि कित्येक सोयरिकी याच गर्दीत जुळतात. घरी पाहुणा आला नाही तर पट झाला असे बाईमाणसाला वाटत नाही.

दिवसभर पट पाहिलेल्या पाहुण्यांची रात्र कशी काढायची, या अडचणीवर गावाने काढलेला तोडगा म्हणजे नाटक. दंडार आणि खडीगंमत या जुन्या लोकप्रकारांच्या जमिनीवर झाडीपट्टीची रंगभूमी उभी राहिली आणि पट आणि मंडई नावाच्या गावजत्रा यांच्या आधाराने ती वाढली. आयोजक नाटक कंपनीला ठरलेली रक्कम देतात, तिकिटे स्वतः विकतात, नफा-तोटाही स्वतः सोसतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचे ठाणे. दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक तिथेच होते, ही सोय लहान नव्हे. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खेळाच्या यजमानपदातून असा बारमाही नसला तरी हंगामभर पोट भरणारा धंदा उभा राहिल्याची उदाहरणे फार थोडी.

पुढे पटावरच बंदी आली. २०११ मध्ये केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी व खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलांना होणाऱ्या इजेचा प्रश्न खरा होता, तो झाडीपट्टीलाही लागू होता. पट थांबले तरी नाटके थांबली नाहीत. ज्या खेळाच्या सावलीत ती वाढली, त्याच्यावाचून ती उभी राहू शकतात हे बंदीने दाखवून दिले. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

पट परतला, पण यजमानपद पूर्वीचे राहिले नाही. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि अटी मोडल्यास शिक्षेची तरतूद आहे. पूर्वी पाटील आणि पंच जे तोंडी ठरवत, ते अर्ज-दाखल्यांवर गेले. बैलांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. कागद सांभाळता न येणाऱ्या लहान गावाला मात्र ते जड जाते.

शासकीय क्रीडास्पर्धांची रीत गावाच्या या यजमानपणाच्या उलट आहे. पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. तिथे खर्च सरकारचा आणि वास्तू कायमची. पटाची धावपट्टी मात्र पावसाळ्यात पुन्हा रोवणीखाली जाते.