चाकातली शिल्लक

तीस वर्षांपूर्वी मी हौसेने माझ्या जुन्या मोटारीचे फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करून घेतले. मोकळ्या रस्त्यावर गाडी जणू नवी झाली. पाय दाबताच इंजिन झटक्यात वेग घेई. पुढच्याच आठवड्यात घरची मंडळी घेऊन खंबाटकी घाट चढताना ती ट्रकच्या मागे तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा मागे घसरली, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "लोखंड काढलंस खरं, पण ते तिथं होतं कशाला?" त्या प्रश्नाने मला इंजिनाच्या इतिहासाकडे नेले.

उत्तराची सुरुवात कुंभाराच्या चाकापाशी होते. काठीने गती देऊन सोडलेले जड चाक मडके घडेपर्यंत फिरत राहते; दिलेला जोर त्यात शिल्लक असतो. वाफेच्या इंजिनालाही अशीच शिल्लक हवी होती. क्रँकच्या वापरावर १७८० मध्ये जेम्स पिकर्डने पेटंट मिळवले होते, म्हणून जेम्स वॉटने १७८१ च्या पेटंटात 'सूर्य-ग्रह' दातेचक्रांची रचना मांडली. तिच्यात दट्ट्याच्या एका वर-खाली फेरीत फ्लायव्हील दोनदा फिरे. साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे कमी वजनाचे चाकही पुरे. वजनाची उणीव वेगाने भरून निघाली.

१८७६ मध्ये ओटोचे चार धावांचे इंजिन आले. त्यातली एकच धाव शक्ती देते. उरलेल्या तीन फ्लायव्हीलच्या शिलकीवर निभतात. कार्ल बेंझच्या १८८५ च्या गाडीत सिलिंडर एकच, म्हणून मागे भले मोठे चाक होते. उभे बसवले तर ते गाडी वळवताना अडेल, या धास्तीने त्याने ते आडवे बसवले. इंजिन सुरू करायचे तेही हेच चाक हाताने फिरवून. पुढे चार सिलिंडर आले, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला शक्तीची धाव मिळू लागली आणि चाकाचे ओझे कमी करता आले.

म्हणजे फ्लायव्हील हलके होत गेले ते त्याचे काम दुसऱ्या कुणी उचलले म्हणून. मी मात्र काम तसेच ठेवून नुसते लोखंड काढले. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. फक्त स्वतःचे चाक फिरवण्यात खर्ची पडणारा जोर वाचतो. हा फरक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणवतो, कारण तिथे इंजिनाचा वेग भराभर वाढवावा लागतो. वरच्या गिअरमध्ये तो जेमतेम उरतो. कडेचे किलोभर लोखंड निम्म्या त्रिज्येवरच्या किलोच्या चौपट भारी ठरते. म्हणून शर्यतवाले कड कापतात. पण बिडाचे चाक फाजील कापले तर भर वेगात फुटूही शकते. शिवाय उभ्या गाडीचे इंजिन थरथरते आणि चढावर क्लच सोडताना दगा देते.

घाटातून परतल्यावर मी दुसरे, मूळ वजनाचे चाक शोधून बसवले. गाडी पुन्हा थोडी मंद झाली. पुढच्या खेपेला घाट चढताना वडील मागच्या सीटवर निवांत झोपले होते.