फॉर्च्युनरच्या पैशात सेकंडहँड मर्सिडीज येते, मग अडतं कुठं?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. व्यवहार साधारण ६५ कोटींचा. देशभरात चर्चा झाली.

आज मर्सिडीजसाठी दीडशे जण जमवायची गरज राहिलेली नाही. रात्री रील बघता बघता समोर येते, 'तीन वर्षं जुनी, सिंगल ओनर, ३० हजार किलोमीटर'. किंमत वाचली की माणूस उठून बसतो. मर्सिडीज सी-क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, ऑडी ए-फोर अशा सेडान नव्या फॉर्च्युनरच्या आसपास किंवा त्याहून कमी पैशात मिळतात.

एवढ्या स्वस्त का? विम्यासाठी गाडीची किंमत काढायचा एक ठरलेला तक्ता आहे. त्यानुसार चौथ्या वर्षात ४० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के किंमत वजा होते. म्हणजे ६० लाखांची सेडान चौथ्या वर्षात कागदावर ३६ लाखांची, पाचव्यात ३० लाखांची. बाजारात ती आणखी खाली येऊ शकते, कारण सध्या ज्याला त्याला उंच एसयूव्ही पाहिजे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून आलिशान गाड्यांवरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी लागला. आधी सेस धरून तो ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात होता. नवीन गाडीच स्वस्त झाली, त्यामुळं विकणारा जुनं बिल दाखवून 'एवढ्याला घेतलेली' म्हणाला, तर आजचा शोरूमचा भाव काढून त्याच्यापुढं ठेवा.

खरी मेख पुढं आहे. गाडी ३० लाखांची झाली म्हणून तिचा हेडलाइट ३० लाखांच्या गाडीचा होत नाही. पार्ट, टायर, सर्व्हिसची मजुरी, सगळं ६० लाखांच्या गाडीचंच राहतं. नवीन गाडीची वॉरंटी बहुतेक दोन-तीन वर्षांची असते आणि विकायला येणाऱ्या गाड्यासुद्धा नेमक्या तेवढ्याच वयाच्या असतात. हा काही योगायोग नाही. पहिल्या मालकानं बिनखर्चाची वर्षं वापरलेली असतात.

म्हणून पहिला प्रश्न वॉरंटीचा विचारायचा. ती शिल्लक आहे का, वाढवून घेतली आहे का, नवीन मालकाच्या नावावर होते का, आणि हे सगळं लेखी मिळेल का? मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या कंपन्या आपल्या वापरलेल्या गाड्या तपासून, वॉरंटीसह स्वतःही विकतात. तिथं भाव जास्त असतो, पण पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यानं तो मोजलेला बरा. बाहेरून घ्यायची तर किमतीच्या दहा टक्के तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. तेवढे उरत नसतील तर गाडी परवडत नाही, असं सरळ समजा.

आता गाडी बघायला गेल्यावर काय करायचं? चकाचक पॉलिशवर जाऊ नका. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरचा पूर्ण इतिहास मागा. मीटर मागं फिरवलं असेल तर ते इथं उघडं पडतं. २८ हजारांवर सर्व्हिस झालेली गाडी २५ हजार दाखवत असेल तर नमस्कार करून निघायचं. टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चाललेल्या गाडीला सगळे टायर नवे कोरे दिसले, तर कारण विचारा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. असे टायर साध्या टायरपेक्षा महाग पडतात, तोही हिशोब धरा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पाण्याला. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. मुंबईत तर हे अनेक पावसाळ्यांत होतं. साध्या गाडीत पाणी गेलं तर सीट वाळवून भागू शकतं. या सेडानमध्ये मात्र बॅटरी, कंट्रोल युनिट आणि वायरिंगचा बराच भाग डिकीत, सीटखाली, कार्पेटखाली असतो. गाडी सहा महिने नीट चालते आणि मग एकेक दिवा पेटायला लागतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मातीची रेघ दिसते का बघा. डिकीचं कार्पेट उचला, सीटच्या रेलवर गंज शोधा, एसी बंद ठेवून काचा लावा आणि वास घ्या. परफ्युम जरा जास्तच मारलेला असेल तर संशय घ्यायला हरकत नाही.

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका. सेडान खाली असते आणि आपले गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात ते त्यांनाच माहीत, त्यामुळं चेंबर घासलेला आहे का ते खालूनच कळतं. शहरात दोन-दोन किलोमीटर फिरलेली डिझेल गाडी असेल, तर धुराची काजळी अडवणारा फिल्टर तुंबलेला असू शकतो. कमी रनिंग हा इथं गुण नाही, उलट दोष ठरू शकतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला पैसे भरून तपासणी करून घेता येते. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

राहिली कागदपत्रं. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिलेली आहे. ती गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर एनओसी आणायची, इथं पुन्हा रोड टॅक्स भरायचा आणि नवीन नंबर घ्यायचा. टॅक्स गाडीच्या वयानुसार कमी होतो, तरी या किमतीच्या गाडीला तो लाखांतच जातो. हे सगळं जोडल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी मांडून बघा.

एमपरिवहन ॲपवर आरसी बघा, चलनं बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. 'सह्या करून ठेवल्यात, नंतर करू' हे ऐकून घेऊ नका. विकणाऱ्यालाही ते महागात पडतं, कारण अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं आहे.

आणि विमा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. पॉलिसी १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्यावी लागते. थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. पंधराव्या दिवशी कुणी मागून ठोकलं आणि पॉलिसीवर जुनंच नाव असेल, तर त्या बंपरचं बिल तुमच्या खिशातून जाऊ शकतं.