भोंगा काय सांगतो? विमान उतरतानाच्या इशाऱ्यांचा इतिहास

संगणकावर लढाऊ विमान चालवण्याचा खेळ आता पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. उड्डाण जमते, आकाशात गिरक्या घेणेही जमते. घोडे अडते ते विमान उतरवताना. धावपट्टी दिसू लागली आणि वेग कमी केला, की एक भोंगा वाजू लागतो. तो थांबतो न थांबतो तोच दुसराच एक सलग सूर सुरू होतो. मध्येच एक बाई इंग्रजीत दोनदा काहीतरी बजावते. खेळणारा गोंधळतो, हाताला येईल ते बटण दाबतो आणि विमान आपटते. मग वर्गात प्रश्न येतो, "सर, एवढे आवाज कशाला? एक लाल दिवा पुरणार नाही का?"

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. हे आवाज कोणी एके दिवशी बसून ठरवलेले नाहीत. एकेका आवाजामागे माणसाची एकेक चूक आहे आणि बहुतेक चुकांची किंमत कोणीतरी प्राणाने मोजलेली आहे.

पंखातली पेटी

विमान उतरवताना वैमानिकाची नजर बाहेर, धावपट्टीवर असते. आतला दिवा लागला तरी तो दिसेलच असे नाही. डोळा एका वेळी एकाच दिशेला पाहतो. कानाला मात्र पापणी नाही आणि दिशेचे बंधनही नाही. म्हणून तातडीचा निरोप कानाकडे सोपवला गेला.

असा पहिला महत्त्वाचा निरोप पंखासंबंधी होता. विमानाला उचलून धरणारे बल वेगावर अवलंबून असते, तसेच पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोनावरही. या कोनाला आपण आघातकोन म्हणू. वेग कमी झाला की तेवढेच बल मिळवण्यासाठी नाक वर उचलून हा कोन वाढवावा लागतो. पण त्याला मर्यादा आहे. साध्या पंखाच्या बाबतीत कोन सुमारे १५ अंशांच्या पलीकडे गेला, की पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटते, बल एकाएकी घटते आणि विमान खाली कोसळू लागते. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. उंचावर असताना नाक खाली करून यातून सावरता येते. जमिनीजवळ सावरायला उंचीच उरलेली नसते.

अमेरिकेतील लेनर्ड ग्रीन यांनी यावर एक सोपा उपाय काढला आणि १९४६ साली त्यासाठी कंपनी स्थापन केली. पंखाच्या पुढच्या कडेला त्यांनी एक छोटी पत्र्याची जीभ बसवली. समोरून येणारी हवा पंखाच्या कडेवर एका ठिकाणी दुभंगते. काही वर जाते, काही खाली. आघातकोन वाढला की दुभंगण्याची ही जागा खाली सरकते. मग जिभेपाशी हवा खालून वर वाहू लागते, जीभ वर उचलली जाते, विजेचा मार्ग पूर्ण होतो आणि भोंगा वाजतो. हा भोंगा स्टॉल होण्याच्या थोडा आधी वाजतो, यातच त्याचे मोल आहे.

सेसना कंपनीच्या अनेक लहान विमानांत तर वीजही लागत नाही. पंखाच्या कडेला एक भोक असते आणि आत हार्मोनियमच्या सुरपट्टीसारखी पट्टी. कोन वाढला की भोकाशी हवेचा दाब कमी होतो, पट्टीतून हवा बाहेर ओढली जाते आणि सूर निघतो. हा भोंगा तपासण्याची पद्धत मजेशीर आहे. भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा, तोंड लावून हवा ओढायची आणि सूर येतो का ते ऐकायचे!

चाकांचा भोंगा

१९३० च्या दशकात विमानांची चाके पोटात ओढून घेता येऊ लागली. हवेचा विरोध कमी झाला, वेग वाढला. पण उतरण्यापूर्वी चाके बाहेर काढायला विसरणे ही नवी चूकही जन्माला आली. उपाय म्हणून इंजिनाच्या दांड्याला भोंगा जोडला गेला. दांडा मागे ओढून शक्ती कमी केली आणि चाके आतच असली, तर भोंगा वाजावा अशी योजना होती.

यात एक दोष होता. शक्ती केवळ उतरतानाच कमी करतात असे नाही. त्यामुळे चाकांची गरज नसतानाही भोंगा वाजे आणि कानाला त्याची सवय होई. वैमानिकांमध्ये यावर एक जुना विनोद आहे. चाके न काढताच विमान उतरवलेल्या वैमानिकाला विचारले, "आम्ही रेडिओवर एवढे ओरडून सांगत होतो, ऐकू आले नाही का?" तो म्हणाला, "कसे येणार? तो भोंगा किती जोरात वाजत होता!"

दुसऱ्या महायुद्धात याच्या उलट चूक दिसू लागली. बी-१७ या बाँबफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटत आणि विमान पोटावर बसे. अमेरिकी हवाई दलातील मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी कॉकपिट नीट पाहिले. फ्लॅपचे आणि चाकांचे बटण शेजारी शेजारी होते आणि दिसायला, हाताला सारखेच होते. त्यांनी एका बटणाला छोटे रबरी चाक आणि दुसऱ्याला पंखाच्या आकाराचा तुकडा लावायला सांगितले. थकलेल्या वैमानिकाला अंधारातही हाताने फरक कळू लागला. आजही विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी असते. 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदल्या गेलेल्या घटनेत यंत्राच्या रचनेचाही वाटा असतो, हा धडा येथे मिळाला. हाताला जसा वेगळा आकार, तसा कानाला वेगळा सूर हवा, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल.

एफ-१६ चे दोन सूर

आता आपल्या विद्यार्थ्याच्या खेळातील आवाजांकडे वळू. असे खेळ पुष्कळदा अमेरिकेच्या एफ-१६ या विमानावर बेतलेले असतात. या विमानाचे पहिले उड्डाण १९७४ साली झाले.

त्यातील चाकांचा भोंगा जुन्या भोंग्यापेक्षा शहाणा आहे. चाके बाहेर नसताना तो वाजतो, पण त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. उंची १०,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३ किलोमीटरच्या, खाली हवी. वेग १९० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटरपेक्षा, कमी हवा. आणि विमान मिनिटाला २५० फुटांहून अधिक वेगाने खाली येत असायला हवे. एकेकटी अट काहीच सिद्ध करत नाही. तिन्ही जुळल्या तर विमान बहुधा उतरायला निघाले आहे. तर्कशास्त्रातील 'आणि' या शब्दाचा असा उपयोग गणिताच्या तासाला जरूर दाखवावा. खोटे इशारे त्यामुळे कमी झाले.

दुसरा, सलग सूर आघातकोनाचा आहे. चाके बाहेर असताना कोन १५ अंशांवर गेला की तो सुरू होतो. उतरताना हा कोन सुमारे ११ ते १३ अंश ठेवतात. त्याहून फार वाढला तर वेग धोकादायक रीतीने घटतो. शिवाय धावपट्टीवर टेकताना विमानाची शेपटाकडची बाजू जमिनीला घासू शकते.

दोन्ही आवाज एकाच प्रसंगी येतात, पण त्यांवरच्या कृती अगदी निराळ्या आहेत. पहिला म्हणतो, "चाके काढ." दुसरा म्हणतो, "नाक थोडे खाली घे, शक्ती वाढव." चाकांच्या दांड्याजवळ भोंगा गप्प करण्याचे बटणही असते. नवखा खेळाडू तेच दाबतो. त्याने आवाज बंद होतो, चाके बाहेर येत नाहीत.

आणि त्या बाईंचे काय? बोलणाऱ्या इशाऱ्यांचा आरंभ बी-५८ या अमेरिकी बाँबफेकी विमानापासून धरतात. त्यासाठी जोन एल्म्स या अभिनेत्रीचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता. त्या काळी रेडिओवरचे बहुतेक सगळे आवाज पुरुषांचे असत. स्त्रीचा आवाज त्यांत वेगळा उठून दिसे. एफ-१६ मध्ये हा आवाज दिवा लागल्यानंतर काही क्षण थांबून बोलतो. डोळ्याला आधी संधी द्यायची, त्याने टिपले नाही तर कानाला हाक मारायची, अशी ही योजना आहे.

वाजला, पण पोहोचला नाही

भोंगा वाजणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. २९ डिसेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान मायामीला उतरत होते. पुढचे चाक बाहेर आल्याचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी विमान २,००० फुटांवर नेले, स्वयंचालक यंत्रणेवर सोपवले आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. दरम्यान नकळत उंची राखण्याची यंत्रणा सुटली आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशाऱ्याचा एक लहानसा मंजुळ सूर वाजला. पण तो फ्लाइट इंजिनिअरच्या जागेपाशी वाजला आणि ते त्या वेळी चाक पाहण्यासाठी खालच्या कप्प्यात उतरले होते. विमान दलदलीत कोसळले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. चाक बाहेरच होते. दिव्याचा बल्ब गेला होता.

मग आवाज मोठा केला तर? तोही प्रयोग झाला. १९८२ साली केंब्रिजचे संशोधक रॉय पॅटरसन यांनी ब्रिटनच्या नागरी विमान खात्यासाठी या विषयाचा अभ्यास केला. भोंगे इतके कर्कश असतात, की वैमानिक दचकतो आणि कारण शोधण्याऐवजी आधी तो गप्प करायला धावतो, असे त्यांनी दाखवले. आवाज कॉकपिटच्या गोंगाटापेक्षा पुरेसा वर असावा, पण ओरडू नये. तो एकदम न येता चढत यावा आणि तुकड्यातुकड्यांनी वाजावा, म्हणजे मधल्या वेळात माणसांना एकमेकांशी बोलता येईल. नवीन चार ते सहा सूर माणूस चटकन शिकतो, त्यापुढे शिकण्याची गती मंदावते. म्हणून सूर मोजकेच ठेवावेत, असेही त्यांनी सांगितले.

एकाच सुराला दोन अर्थ दिले तर काय होते, हे १४ ऑगस्ट २००५ रोजी दिसले. सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानात हवेचा दाब राखण्याचे बटण चुकीच्या स्थितीत राहिले होते. उंची वाढू लागली तसा भोंगा वाजला. हाच भोंगा जमिनीवर असताना 'उड्डाणाची तयारी अपुरी आहे' असे सांगत असे. वैमानिकांनी तोच जुना अर्थ घेतला. थोड्याच वेळात प्राणवायूच्या कमतरतेने त्यांची शुद्ध हरपली. १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. पुढे या दोन इशाऱ्यांसाठी स्वतंत्र दिवे बसवण्याचा आदेश निघाला.

आणि अर्थ स्पष्ट असूनही कृती झाली नाही तर? २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवर फार उंचावरून, तीव्र उताराने उतरत होते. जमिनीजवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा 'वर घ्या' असे पुन्हा पुन्हा बजावत होती. सहवैमानिकानेही उतरणे सोडून देण्यास सुचवले होते. कप्तानाने उतरणे चालूच ठेवले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले.

सराव कोठे करायचा?

धोका ओढवून सराव करता येत नाही. येथेच खोट्या विमानाचे महत्त्व कळते. एडविन लिंक या तरुणाने १९२९ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी असे पहिले यशस्वी यंत्र बनवले. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचेच भाते वापरून त्याने विमानाची हलणारी पेटी तयार केली. आरंभी ती जत्रेतल्या खेळण्यासारखी विकली गेली. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांना टपाल नेण्याचे काम मिळाले आणि खराब हवेत अनेक जण मेले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे घेतली. आजचे सिम्युलेटर हे त्याचेच वंशज आहेत. जो भोंगा खऱ्या नोकरीत कदाचित एकदाही ऐकावा लागणार नाही, तो तेथे हवा तेव्हा वाजवता येतो.

सिम्युलेटरने आपल्याला एक अवघड सत्यही दाखवले. फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २८ वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये विमान उतरवताना एकाएकी बदलणाऱ्या वाऱ्याला तोंड द्यायचे होते आणि त्याच सुमारास चाकांचा भोंगा वाजवला गेला. त्यांपैकी ११ जणांच्या तो लक्षातच आला नाही. त्यांचे कान निकामी नव्हते. मन दुसरीकडे पूर्ण गुंतले होते. कानाला पापणी नाही हे खरे, पण मनाला आहे.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना एक छोटा उपक्रम करता येईल. वहीत तीन रकाने आखायला सांगावेत: आवाज कसा आहे, तो काय सांगतो आणि ऐकताच हाताने काय करायचे. चाकांचा भोंगा, आघातकोनाचा सूर, बोलणारा आवाज असे एकेक करून तक्ता भरावा आणि मगच विमान उतरवायला बसावे. त्याच तक्त्यात खाली शाळेची घंटा, प्रेशर कुकरची शिटी, रुग्णवाहिकेचा भोंगा, शाळेतील आगीचा इशारा हेही लिहावेत. पहिले दोन रकाने मुले भराभर भरतील. आगीच्या इशाऱ्यापुढचा तिसरा रकाना किती जणांना भरता येतो, ते शिक्षकांनी अवश्य पाहावे. तो रिकामा राहिला, तर त्या शाळेत भोंगा असूनही इशारा नाही, असेच म्हणावे लागेल.