नरसिंहन, रंगस्वामी

नरसिंहन, रंगस्वामी : (१७ एप्रिल १९२६ – ३ सप्टेंबर २००७). भारतीय संगणकशास्त्रज्ञ. देशातच आराखडा आखून बांधलेल्या पहिल्या मोठ्या अंकीय संगणकाच्या, टिफ्रॅकच्या उभारणीचे प्रमुख. जन्म चेन्नई येथे. गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचारणाचे शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेस गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदवी आणि इंडियाना विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून १९५४ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले.

संस्थेचे संचालक होमी भाभा यांना स्वतःचा संगणक हवा होता. १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून आणलेला संगणक चालू झाला होता. मुंबईत मात्र यंत्र घरीच बांधायचे ठरले. हाताशी असलेली माणसे बहुतेक भौतिकी शिकलेले तरुण होते. संगणक बांधणे सोडाच, तो वापरण्याचाही अनुभव त्यांना नव्हता. म्हणून आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र करण्यात आले. ते १९५६ मध्ये चालू झाले. मोठ्या यंत्राचे काम पुढच्या वर्षी हाती घेऊन १९५९ मध्ये पुरे झाले आणि १९६० पासून ते नियमित वापरात आले.

रचनेचा सांगाडा अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या आयएएस या सुप्रसिद्ध संगणकाच्या धर्तीचा होता. मंडलांमध्ये सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. स्मृती फेराइट कड्यांची, प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० किलोबाइट. आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आत जाई. कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावर आलेख व अक्षरे उमटवण्याची सोय त्या काळी अपूर्वाईचीच म्हणायला हवी. ‘टिफ्रॅक’ हे नाव १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिले. तोवर जगात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते. १९६४ मध्ये संस्थेने सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आणला आणि टिफ्रॅक लवकरच मागे पडला. त्याचे उत्पादन कोणत्याही कारखान्यात झाले नाही. उद्योग म्हणून पाहता हा प्रयत्न अल्पजीवीच ठरला. पण संगणक आतून-बाहेरून जाणणारी पहिली पिढी याच यंत्रावर घडली, आणि त्याचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

दरम्यान नरसिंहन यांचे लक्ष यंत्रबांधणीवरून उडाले होते. १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी इलिनॉय विद्यापीठात असताना बुद्बुदकोठी या कणांचा माग दाखवणाऱ्या उपकरणातील छायाचित्रांवरचे ते माग यंत्राने कसे ओळखावेत, हा प्रश्न त्यांनी घेतला. चित्राचे भाग मोजत बसण्याऐवजी वाक्याप्रमाणे त्याचेही व्याकरण मांडता येईल, ही त्यांची कल्पना. आकृतिबंध-अभिज्ञानाच्या, म्हणजे यंत्राने आकृत्या ओळखण्याच्या, वाक्यविन्यासी पद्धतीचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात.

भारतात परतल्यावर संस्था उभारण्याचे काम त्यांच्याकडे आपसूक आले. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. सीएमसी या सरकारी कंपनीचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. आयबीएम या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये भारत सोडल्यावर तिच्या संगणकांची देखभाल सीएमसीनेच सांभाळली. टाटा संस्थेत त्यांनी उभारलेल्या सॉफ्टवेअर केंद्रातून पुढे मुंबईतील जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) निघाले आणि कालांतराने ते सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेत विलीन झाले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उत्तरायुष्यात ते भाषेकडे वळले. तमिळ भाषक घरातले मूल आईवडिलांशी बोलता बोलता भाषा कशी उचलते, याच्या नोंदी त्यांनी सहकाऱ्यासह तपासल्या. भाषा हे सुटे नियमशास्त्र नसून वर्तन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे त्यांचे पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. टिफ्रॅकमुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले. वाचायचे असेल तर मात्र त्यांचे भाषाविषयक लेखनच वाचावे.