नाशिक ते परळ : मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास

चेहरा पांढुरका पडतो, ताप हटत नाही, हाडे दुखतात, अंगावर लाल-जांभळे ठिपके उमटतात, मानेत गाठी येतात. मुलांमधील ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, ही लक्षणे मलेरिया किंवा संधिवातासारखी भासत असल्याने निदान लांबते; खात्री होते ती अस्थिमज्जेच्या तपासणीनंतर.

१९४८मध्ये अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटवला. ते औषध लेडर्ली प्रयोगशाळेतले, तेथील संशोधनप्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव. या भारतीयाचे नाव आजही पुरेसे घेतले जात नाही.

नाशिककरांना मात्र दीर्घकाळ मोठा आधार होता तो १९४१मध्ये मुंबईत परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचाच. तेथे डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९८४मध्ये ‘एमसीपी-८४१’ ही उपचारपद्धती वापरायला घेतली. १९९०पर्यंतच्या रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्के चार वर्षांनंतरही आजार न उलटता जगले. भारतासाठी ही मोठीच झेप होती. तरीही जंतुसंसर्गाने उपचारांदरम्यानच अनेक मुले दगावली. शिवाय उपचार दोन वर्षे चालत. नाशिक जिल्ह्यातल्या शेतमजुराला तेवढा काळ मुंबईच्या फेऱ्या, मुक्काम आणि बुडालेली मजुरी पेलणे अतिशय कठीण होते. पुढे नाशिकमध्येही कर्करोग रुग्णालये उभी राहिली.